आत्याचे धवले आणि माझी नोकरी

लोक मला विचारतात, तुम्ही आयटीतल्या ना, मग खरं सांगा, हे एआयचं मशीन सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार का? लग्नात विचारतात, रिक्षाच्या रांगेत विचारतात. दातांच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात कापूस कोंबून विचारलं, आता ह्याला मी काय उत्तर देणार होते कोण जाणे. पूर्वी मी उत्साहाने समजावून सांगायचे, आता सांगत नाही. सगळ्यांचं मला माहीत नाही. माझी गेली, तेवढं माहीत आहे. आणि ती कशी गेली हे सांगायचं तर आत्यापासून सुरुवात करावी लागते, कारण तिचं काम माझ्या आधी गेलं.

आम्ही आगरी. डोंबिवलीच्या बाहेर, शीळ रस्त्याच्या बाजूला आमचं गाव. आता त्याला गाव म्हणायचं म्हणजे चेष्टाच आहे, कारण जिथे भात लावायचे तिथे टॉवर आहेत आणि जिथे टॉवर नाहीत तिथे टॉवरचे बोर्ड आहेत. आमच्यात लग्नाला भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो आणि पुढच्या लग्नाला पळतो. पण लग्न खऱ्या अर्थाने लावते ती धवलारीण. मांडव घातला की ती गाते, तेलवणाला गाते, हळदीला गाते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती आधी देवांना लग्नाला बोलावते, मग गावदेवीला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन. आजा, आजी, पणजा, पाळण्यात गेलेलं एखादं पोरसुद्धा. नाव घेतलं नाही तर ते माणूस ताटकळत दाराबाहेर उभं राहतं, असं आमच्या म्हाताऱ्या सांगायच्या.

माझी आत्या धवलारीण होती. लग्न झाल्यावर दोन-चार वर्षांत नवरा गेला, म्हणून माहेरी परत आली, आणि भावांनी घराच्या मागची एक खोली दिली तिथे राहिली. माझी आई मी रांगत असताना गेली, बापाने दुसरी केली, आणि आत्याने मला उचलून त्या मागच्या खोलीत नेलं. त्याची काही चर्चा वगैरे झाली नाही. नेलं म्हणजे नेलं.

माझ्या लहानपणी आत्याला उसंत नसायची. लगीनसराईत ती गावोगाव फिरायची, आणि सुट्टी असली की मीही तिच्याबरोबर. लग्नाच्या आदल्या दिवशी ती त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसायची आणि नावं विचारून घ्यायची. कोण कधी गेलं, कोणाच्या मागे कोण. म्हातारी सांगता सांगता रडायची, मग आत्याही डोळे पुसायची, मग दोघी चहा प्यायच्या. मला कंटाळा यायचा. मी म्हणायचे, आत्या, चल ना. ती म्हणायची, "थांब गो बाय, मान्सां राहतील."

आमच्या स्वतःच्या घरात लग्न असलं की मी मात्र कान टवकारून बसायचे. कारण आमच्या घरच्या मेलेल्यांत माझी आई होती. सावत्र आईसमोर तिचं नाव कोणी काढत नसे, बाप तर नाहीच नाही. तिचं नाव मी फक्त लग्नाच्या मांडवात ऐकलंय, आत्याच्या तोंडून, सगळ्यांच्या समोर, मोठ्याने. एखाद्या चुलतभावाचं लग्न ठरलं की बाकीच्या पोरींना नव्या कपड्यांचा आनंद व्हायचा. मला ह्याचा व्हायचा.

मी इंजिनियर झाले ते आत्याच्या गळ्यावर. काकांनी जमिनी विकल्या, चाळी बांधल्या, गाड्या घेतल्या. त्यातलं आत्याला काही आलं नाही आणि तिने मागितलंही नाही, त्यावरून माझं अजूनही डोकं फिरतं. मी कॉम्प्युटरला ॲडमिशन घेतली तेव्हा मोठा काका म्हणाला, पोरीला इंजिनियर करून काय चाळीचं भाडं गोळा करायला पाठवणार आहेस? त्या वर्षी आत्याने एकही लग्न सोडलं नाही, तापात गायली, घसा बसला तर ज्येष्ठमध चघळून गायली.

पुढे मला ठाण्याला नोकरी लागली. हळूहळू डोंबिवलीत छोटा फ्लॅट घेतला आणि आत्याला घेऊन आले. लग्न मी केलं नाही. त्याची कारणं विचारायला येणाऱ्यांना मी चहासुद्धा देत नाही.

माझं काम टेस्टिंगचं. कंपनी विम्याचं सॉफ्टवेअर बनवायची. घरातला माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी विम्याचे पैसे मागायचे, त्याचा अर्ज भरायचा, ते सगळं. दुसऱ्यांनी बनवलेलं मी वापरून बघायचं आणि ते कुठे मोडतं ते शोधून काढायचं. मी मुळात भांडखोर आहे, शाळेपासून बोलणी खाल्लीत त्यावरून. पण टेस्टिंगमध्ये त्याला गुण म्हणतात. मी मुद्दाम उलटसुलट भरायचे, नको तिथे थांबायचे, एकाच वेळी दोनदा बटण दाबायचे. बनवणारे मला बघून कॅन्टीनची दिशा बदलायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आत्याला पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "दुसऱ्याच्या चुका कारायचं पैसं मिलतान तुना? मंग आपल्या गावातल्या सगल्या बायका शेठानी व्हायला पायजेत."

तोवर तिची बोलावणी कमी होत आलेली. साउंड सिस्टीम आली होती. हळदीला भिंती हादरतील असे स्पीकर, लाइटी, नाचणारी पोरं. धवल्यांना वेळ कोणाला होता? आधी मोठी घरं बोलवेनाशी झाली, मग सगळीच. लगीनसराईत आत्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि लांबून कुठून तरी हळदीचं धडाड धडाड ऐकू यायचं. मी चिडून दार लावायला उठले की ती म्हणायची, "माजा गेला त्याचा काय नाय गो. तुजा हाय ना."

हे वाक्य ती इतक्यांदा म्हणाली की तिच्या मनातला हिशेब मला कळला होता. तिच्या गाण्याचं माझं शिक्षण झालं, शिक्षणाची नोकरी झाली. म्हणजे तिचं गाणं वाया गेलं नाही, ते रोज सकाळी डबा घेऊन ठाण्याला जातं. माझी नोकरी असेपर्यंत तिचं काही गेलेलं नव्हतं. म्हणून मला त्या नोकरीची जेवढी काळजी होती, तेवढी पगाराची नव्हती.

मग ऑफिसात ते टूल आलं. टेस्टिंग आपोआप करणारी टूल्स पूर्वीही होती, आम्ही वापरायचो. पण हे नवं स्वतःच ठरवणार होतं, काय तपासायचं आणि कसं. त्यासाठी त्याला आधी शिकवायला हवं होतं. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. सज्जन माणूस, ठाण्याचाच, सतत ॲसिडिटीची गोळी शोधत असायचा. म्हणाला, "मॅडम, सगळ्यात अनुभवी तुम्ही. तुमचं डोकं आम्हाला त्यात उतरवायचंय."

मी म्हटलं, "ते तापट आहे."

तो हसला. म्हणाला, "चालेल."

मग सुरू झालं ते. मी स्क्रीनवर काम करायचं आणि मोठ्याने बोलायचं, मी आता काय बघतेय, का बघतेय, मला कशाचा संशय आला. ते सगळं रेकॉर्ड व्हायचं. टूलच्या टीममधला एक जण समोर बसून प्रश्न विचारायचा. माझ्याहून बराच लहान, पण मन लावून ऐकणारा. "मॅडम, हे कसं सुचलं तुम्हाला?" असं तो दर थोड्या वेळाने विचारायचा, आणि मी सांगायचे.

एकदा अर्जातल्या नावाच्या रकान्यापाशी मी थांबले. तो म्हणाला, इथे का थांबलात? मी त्याला माझ्या आत्याचं सांगितलं. रेशन कार्डावर नवऱ्याचं आडनाव, बँकेत बापाचं, आधारवर तिसरंच काहीतरी. अशी बाई हा अर्ज भरायला बसली तर काय होईल, ते मी दर वेळी करून बघते. नवरा मेलाय म्हणून तर ती अर्ज भरतेय आणि तिलाच पुढे जाऊ देत नाही, असं व्हायला नको. तो ऐकतच राहिला. म्हणाला, "किती छान समजावता तुम्ही. हे कुठेच लिहिलेलं नाहीये."

मला काय वाटलं ते सांगते. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी त्या इमारतीत जात होते, पण तुला हे कसं कळतं, असं मला कोणीच विचारलं नव्हतं. मी घरी जेवताना दुसऱ्या दिवशी काय काय सांगायचं ते आठवत बसायचे. रेकॉर्डिंगमध्ये फक्त आवाज आणि स्क्रीन, माझं तोंड दिसायचं नाही, तरी मी त्या दिवसांत चांगले ड्रेस घालून जायचे. आत्यासुद्धा खुशीत होती. तिला मी सांगितलं, मशीनला शिकवतेय. तर म्हणाली, "मंग तुना कोन हलवनार? मास्तरला कवा शालेतून कारतान कं?"

मलाही ते पटलं. आता हसू येतं, पण पटलं.

शिकवून झाल्यावर ते टूल आमच्या अख्ख्या टीमचं आठवड्याचं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकायला लागलं. टीममधले एकेक जण कमी झाले. कोणाला दुसरीकडे टाकलं, कोणी स्वतःहून गेले, कोणाला जायला सांगितलं. मी राहिले, कारण टूलने केलेलं बरोबर आहे का, हे बघायला एक माणूस हवं होतं. ऑफिस इतकं शांत झालं की मला माझ्याच बांगडीचा आवाज यायचा.

आणि एक दिवस मला त्याची चूक सापडली. तोच नावाचा रकाना. अर्जात नवा बदल झाला होता आणि आता विधवा बाईने माहेरचं आडनाव टाकलं की अर्ज जागच्या जागी अडकत होता. टूलने त्याच्यावर हिरवी खूण केलेली, पास. मी त्याला एवढं घसा फोडून सांगितलं होतं आणि त्याने नेमकं तेच सोडलं. खरं सांगू का, मला आनंद झाला. म्हटलं, झालं, आता कळेल ह्यांना. मी जवळजवळ पळतच मॅनेजरकडे गेले.

त्याने नीट बघितलं. म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. नोंदवून ठेवू या. पण ह्याच्यासाठी रिलीज थांबवायला नको."

मी म्हटलं, "अहो, बाई अडकेल तिथे."

"किती बायका येणार अशा?" तो म्हणाला. "आल्याच तर फोन करतील कस्टमर केअरला. एवढं चालतं, मॅडम."

मी भांडले. बरंच भांडले. त्याने गोळी घेतली आणि मला पाणी दिलं. रिलीज गेलं, म्हणजे ते सॉफ्टवेअर तसंच लोकांच्या हातात गेलं.

घरी येऊन मी आत्याला अर्धंच सांगितलं, मशीनची चूक पकडली एवढंच. ती इतकी खूश झाली की तिने सांदणं करायला घेतली. "बगलास? तुज्याबिगर नाय चालत त्यांचा," असं ती तांदूळ धुताना दोनदा म्हणाली. मीही तेच धरून बसले. ऑफिसात उरलेले सगळे तेच म्हणायचे, मशीन चुकतं, म्हणून माणूस लागणारच. आम्ही एकमेकांना टूलच्या चुका सांगायचो आणि त्यावर दिवस काढायचो.

त्याच दिवसांत चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. हा चुलतभाऊ साउंड सिस्टीमवालाच. गावातल्या निम्म्या हळदी त्याच्याच स्पीकरवर नाचतात. पण घरचं लग्न होतं, नातीसारखी मुलगी होती, तेव्हा आत्याला वाटलं की धवले तिनेच म्हणायचे. कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण घरचीला काय वेगळं सांगायचं? पंधरवडाभर आधीपासून ती ज्येष्ठमध चघळायला लागली. स्वयंपाकघरात गुणगुणायची. मध्येच थांबून बोटांवर नावं मोजायची आणि मला विचारायची, त्या धाकट्या काकाचा पाळण्यात गेलेला पोरगा, त्याला धरायचा ना गो? मी म्हणायचे, धर.

तेलवणाच्या सकाळी आम्ही पोचलो. आत्या हिरवं लुगडं नेसलेली. मांडवात बायका जमलेल्या, मुलगी पाटावर बसलेली. आत्या सरळ पाटाच्या बाजूला जाऊन बसायला लागली, तर चुलतभाऊ आला आणि त्याने तिला हाताला धरून खुर्चीवर नेलं. प्रेमानेच नेलं. म्हणाला, "आत्या, तू आता बस आरामात. तुना तरास नको. तुजाच आवाज लावतंय बग."

आणि मांडवाच्या दोन्ही बाजूंच्या माणसाएवढ्या स्पीकरमधून आत्या गायला लागली.

दोनेक वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाच्या घरात लग्न होतं, तिथे तिला शेवटचं बोलावणं आलेलं. तेव्हा ह्याने मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करून घेतलेलं. आवाज छान साफ केला होता, मागचा गलका काढून टाकला होता. आत्याचा आवाज तसा मी कधीच ऐकला नव्हता, श्वास घेतलेला सुद्धा कळत होता. बायका म्हणाल्या, काय भारी वाटतंय गो आत्याचा आवाज. आत्या खुर्चीत बसून थोडीशी हसली. तिला काय करावं ते कळत नव्हतं. हात मांडीवर ठेवले, मग पदर सारखा केला.

देव बोलावून झाले, गावदेवी झाली. मग नावं सुरू झाली, आणि मी ताठ झाले. ती आमची माणसं नव्हती. गल्लीच्या टोकाच्या घरातली होती. त्यांचा आजा, त्यांची आजी, त्यांचा गाडीखाली गेलेला मुलगा. आमच्या मुलीच्या लग्नाला आत्याचा आवाज त्यांच्या मेलेल्यांना एकेक करून बोलावत होता, केवढ्या मायेने, आणि आमच्यातलं एकही नाव त्यात नव्हतं. आजोबा नाही, आजी नाही, मध्यंतरी गेलेला माझा बाप नाही. माझी आई नाही.

मी तडक चुलतभावाकडे गेले. म्हटलं, "अरे, बंद कर ते. ती दुसऱ्यांची माणसं आहेत."

तो मिक्सरवर वाकलेला. वर बघून म्हणाला, "म्हायतंय गो मना. एवढा चालतंय. कोन आयकतंय?"

मी मांडवाकडे बघितलं. तो खरं बोलत होता. बायका मुलीला तेल लावत होत्या, फोटो काढत होत्या, पोरं वेफर्स खात होती. सगळं छान चाललं होतं. कोणाचंही काहीही अडलं नव्हतं. आणि तिथे, त्या स्पीकरच्या बाजूला उभी असताना, मला कळलं की माझी नोकरी गेली. ऑफिसने अजून काही सांगितलं नव्हतं, पण गेली. आम्ही सगळे काय धरून बसलो होतो, तर मशीन चुकतं. अरे, चुकू दे ना. चुकलेलं कोणाला नको असेल तर आमचा उपयोग. ते चालवून घ्यायला सगळे तयार होते, मॅनेजर तयार होता, माझा सख्खा चुलतभाऊ स्वतःच्या आजोबाला दाराबाहेर ठेवून तयार होता.

मी आत्याकडे बघितलं. ती खुर्चीतच होती. तिचे ओठ हलत होते. मी जवळ जाऊन वाकले तरी मला काही ऐकू आलं नाही, स्पीकरच तेवढा मोठा होता. पण ओठांवरून कळत होतं. ती नावं घेत होती, आमची. स्वतःच्याच आवाजाच्या खाली, एकेक करून. माझ्या आईच्या नावाला तिचे ओठ कसे होतात ते मला माहीत आहे. मी तिथेच उभी राहून रडले. बायकांना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून रडतेय.

 

ऑफिसात पुढचं लवकरच झालं. मॅनेजरने बोलावलं, दार लावलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. तो खूप काही म्हणाला. वरून आलेला निर्णय आहे, कामाबद्दल तक्रार नाही, शिफारसपत्र देतो. शेवटी म्हणाला, "तुमच्यामुळेच टूल इतकं चांगलं झालं, मॅडम." तो हे चांगल्या मनाने बोलला. मी आयुष्यभर भांडले, कंडक्टरशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, काकांशी, पण त्या केबिनमध्ये मी थँक्यू म्हटलं. ते मला अजूनही लागतं. लॅपटॉप परत दिला, कार्ड दिलं, आणि भर दुपारी बाहेर पडले. त्या वेळी ठाण्यात रस्त्यावर इतकी माणसं असतात हे मला माहीत नव्हतं.

बसमध्ये बसून मी आत्याला काय सांगायचं ते जुळवत होते. लपवायचा प्रश्नच नव्हता. ती माझ्या चपलांच्या आवाजावरून माझा मूड ओळखते. मला फक्त एवढंच वाटत होतं, की आता तिचंही जाणार. इतकी वर्षं "तुजा हाय ना" म्हणून तिने जे धरून ठेवलं होतं, ते आज मी तिच्याकडून काढून घेणार. तिची सगळी लग्नं, तो तापातला घसा, सगळं आज संपणार होतं, आणि ते सांगायला मीच चालले होते.

आत्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "आज लवकर?"

मी म्हटलं, "गेली नोकरी."

ती निवडायची थांबली. "त्या मशीनमुळं?"

"हो."

"तू शिकवलेला त्या मशीनमुळं?"

मी हो म्हटलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं ती रडेल, किंवा जवळ घेईल. पण तिच्या आवाजात जे आलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. ती चिडली होती. माझ्यावर. "मंग तू कनाला शिकवलास?" ती म्हणाली. "सगला कनाला सांगितलास त्यांना? थोरा तरी ठेवाचा होता तुज्याकरं."

दिवसभर जे गिळलं होतं ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी म्हटलं, "आणि तू कशाला गायलीस? तो मोबाइल घेऊन बसलेला दिसत नव्हता तुला? तू का अख्खं गायलीस?"

बोलले आणि जीभ चावली. पण तोवर बोलून झालेलं होतं.

आत्याने खाली बघितलं. सुकटीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तो म्हनला, आत्या, एकदा सगला गा, काय सोरू नको. समोर बसला, मान हलवत व्हता. कवापासून कोनी तसा म्हनला नव्हता." तिने आणखी एक खडा काढला. "मना वाटला, त्याला आयकाचा हाय."

मी तिच्याजवळ सरकले. आमच्या दोघींच्या मध्ये ती सुकट होती, ती मी हाताने बाजूला केली.

"मलापण तसंच वाटलं गं, आत्या," मी म्हटलं.